पाठीच्या दोन्ही बाजूंना

गेर्नोटने पुतळ्याला नमस्कार केला तेव्हा रोझविथा हसली. हसण्यासारखंच होतं ते. ग्राझच्या हेरेनगासेवर, कपड्यांच्या एका दुकानाबाहेर, फिकट कोट घातलेली प्लास्टिकची बाई उभी करून ठेवली होती आणि तिच्याजवळून जाताना गेर्नोटने टोपीला हात लावून अगदी अदबीने तिला "ग्र्युस गॉट" म्हटलं. बाई काही बोलली नाही. दोन पावलं पुढे गेल्यावर तो पुटपुटला, "माणसं मेली हल्ली साधा नमस्कारही घेत नाहीत," आणि रोझविथाला हसू फुटलं. तिचं हसू ऐकून तो थबकला, मागे वळला, मान जराशी तिरपी करून त्या बाईकडे पाहत राहिला आणि मग तोही हसला. "फसवलं की नाही तुला?" म्हणाला. ट्राम घंटा वाजवत निघून गेली, दोघं कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरली, पाव घेतला, नेहमीसारखी घरी आली. पण रोझविथाचं हसू घशात कुठेतरी अडकून बसलं ते बसलंच. कारण तो आधी थबकला होता. चेष्टा करणारा माणूस थबकत नाही, तो हसू दाबत पुढे चालतो. आणि ती तिरपी मान. ती मान तिने याआधी पाहिली होती.

लेओबेनच्या घरी, स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, तिची सासू तशी बसायची. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वाकडी करून. "जिकडे बघावं तिथेच काही नसतं गं," म्हातारी म्हणायची. "कडेकडेचं सगळं दिसतं. पडदा दिसतो, दाराची कडी दिसते. तुझ्याकडे बघितलं की तूच नाहीस." रोझविथा तेव्हा नवी सून होती आणि तिला ते थोडं मनाला लागायचंही, म्हातारी मुद्दाम बोलते असं वाटायचं. पुढे डॉक्टर म्हणाले की डोळ्याचा मधला भाग झिजतो, हे रक्तातून येतं, मुलाने वेळच्या वेळी दाखवत जावं. मुलगा म्हणाला, "माझ्या डोळ्यांच्या भरवशावर सरकारने डोंगर मोजलेत." ते खोटं नव्हतं. जमीन मोजणीच्या खात्यात त्याची सगळी नोकरी तीन पायांच्या यंत्राला डोळा लावण्यात गेली होती. निवृत्तीच्या दिवशी त्याने ते यंत्र परत केलं आणि घरी येऊन संध्याकाळभर सायकल पुसत बसला.

सायकल म्हणजे दोघांची टँडेम, दोन सीटची. जुलै लागला, रोझविथा हस्तकला शिकवायची ती शाळा सुटली, की ती दोघं टँडेम गाडीत चढवून पासाऊला जायची आणि तिथून डॅन्यूबच्या काठाकाठाने खाली, रोज थोडं थोडं, व्हिएन्नाच्या दिशेने. मधली काही वर्षं र्‍हाईन झाली, एकदा लोआर झाली, बोडेन तलावाची फेरी झाली, पण जीव रमायचा तो याच नदीवर. सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्या हल्ली निघाल्या आहेत, त्यांची गेर्नोटला चीड. "आपलं ओझं दुसऱ्याच्या गाडीत आणि आपण म्हणे सायकलवाले." दोन पिवळ्या पिशव्या मागच्या चाकाला, पुढे गेर्नोट, मागे रोझविथा, मध्ये एक लांबलचक साखळी. साखळी एकच, म्हणून पाय चार असले तरी चाल एकच. त्याने पाय थांबवले की हिचे थांबतात, त्याने जोर लावला की हिच्या पोटऱ्यांना कळतं. बोलायचीही गरज नसते. बोलायचं फक्त पुढच्याने, कारण रस्ता त्यालाच दिसतो. "खड्डा." "खांब." "डावीकडे वळतोय." मागच्याने ऐकायचं आणि विश्वास ठेवायचा. टँडेमवाल्यांचा हा जगभरचा नियम आहे आणि गेर्नोट नियमाचा माणूस.

ती नको म्हणू शकली असती. यंदा गुडघा दुखतोय म्हणाली असती तरी त्याने मुकाट्याने डोंगरातली खोली बघितली असती. पण हेरेनगासेवरच्या त्या सकाळनंतर गेर्नोट रोज अंगणात उतरून साखळीला तेल घालत होता, ब्रेक तपासत होता, शीळ वाजवत होता, आणि त्या शिळेपुढे तिची जीभ उचलली जाईना. वर्षात एवढेच दिवस असे होते की कोणीतरी त्याच्या मागे असायचं. ते काढून घेतले तर त्याच्याकडे काय उरणार होतं, वर्तमानपत्र? तेही तो आता उन्हात नेऊन वाचत होता, आणि हल्ली तर नुसतं उघडून बसत होता. सहन होत नाही आणि सांगता येत नाही, अशी तिची गत झाली. सांगावं तर त्याचा कणा मोडतो, न सांगावं तर एक दिवस दोघं मिळून कशावर तरी आपटतात. झाकली मूठ घेऊन ती गाडीत बसली.

पासाऊ सोडल्यावर पहिल्या दिवशी झाडी दाट होती, नदी हिरवी, सावली गार. मागच्या सीटवर बसून रोझविथाने इतकी वर्षं जे पाहिलं तेच याही वेळी पाहिलं. मधोमध गेर्नोटची पाठ, निळा शर्ट, मणक्यावर हळूहळू पसरत जाणारा घामाचा डाग, आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना नदी, किल्ले, गाई, द्राक्षांचे मळे. युरोपचा डावा काठ तिला पाठ होता आणि उजवा काठ पाठ होता. समोर काय असतं ते तिला कधी कळलंच नव्हतं. पूर्वी तिचीही वेगळी सायकल होती. लग्न नवं होतं, गेर्नोट दामटत पुढे जायचा आणि वळणावळणावर घड्याळ बघत उभा राहायचा, ती पोचली की लगेच पुन्हा निघायचा, म्हणजे विश्रांती त्याला आणि दम हिला. एका दुपारी तिने रागाने मुद्दाम दुसरा फाटा धरला. गव्हातून जाणारा पांढरा रस्ता होता, समोर कुणी नव्हतं, समोर नुसता रस्ता आणि आभाळ. कुठल्याशा खेड्यात एकटीने बसून तिने चेरीचा केक खाल्ला, बोटं चाटली. गेर्नोट तिला शोधत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो रागावला नाही. पुढच्या वसंतात त्याने ही टँडेम आणली, म्हणाला, "आता दोघं एकाच वेळी पोचू." किती गोड वाटलं होतं तिला! तिने विचारलंही होतं, "आलटून पालटून बसायचं का पुढे?" तर तो म्हणाला, "पुढे जड माणूस लागतो," आणि तो जड होता, त्यामुळे प्रश्न मिटला. पण तो गव्हातला पांढरा रस्ता मिटला नव्हता, आणि आता गेर्नोटच्या पाठीकडे बघताना तिला स्वतःचीच भीती वाटली. आपल्याला त्याचे डोळे दिसताहेत की त्याची सीट दिसतेय? म्हातारीसारखी त्याची मान तिरपी झाली तेव्हा पोटात खड्डा पडला हे खरं, पण त्या खड्ड्याच्या तळाशी कुणीतरी हळूच उठून बसलं होतं हेही खरं. तिला लाज वाटली. तिने पाय जोरात मारले, जणू पायांनी माफी मागता येते.

या रस्त्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला नमस्कार करायचा असतो. डच असो, बव्हेरियातला असो, घामाने थबथबलेला असो, "सर्व्हुस" किंवा "ग्र्युस गॉट" म्हटल्याशिवाय गेर्नोटने आजवर एकालाही जाऊ दिलं नव्हतं, आणि पहिला नमस्कार नेहमी त्याचाच. मागून रोझविथाचा दुसरा. यंदा तो गप्प असायचा. समोरच्याचा आवाज आला की मग घाईघाईने उत्तर द्यायचा, कधी कधी तो माणूस पिवळ्या पिशव्यांच्याही मागे गेल्यावर. न बोलता जाणारे तसेच निघून जात होते. एकदा रस्त्याकडेच्या क्रूसाजवळ उभ्या केलेल्या कचरापेटीला तो "ग्र्युस..." म्हणाला आणि पुढचं गिळून टाकलं. रोझविथाने ऐकलं नाही असं दाखवलं. मग तिने उपाय काढला. ती सीटवरून एका बाजूला झुकून त्याच्या खांद्यापलीकडे बघू लागली आणि डोळ्यांत तेल घालून जे दिसेल त्याचं कौतुक करू लागली. "अरे, खांबाला काय छान लाल रंग दिलाय बघ, अगदी रस्त्याच्या मधोमध!" "ही बाई कुत्र्याला घेऊन डावीकडूनच चाललीय, इंग्लंडची असेल." "इथे पावसाने किती मोठा खड्डा केलाय, बदकं पोहतील." दिवसभर तोंडाचा पट्टा. कंबर दुखायला लागली, घसा सुकला. लिंझच्या पुढे गेर्नोट म्हणाला, "यंदा तुझी जीभ फार चालतेय."

"आवडत नाही का?"

"चालू दे," तो म्हणाला. "पाय दुखत नाहीत मग."

आणि एक गोष्ट तिच्या उशिरा लक्षात आली. मागचा माणूस झुकला की टँडेमचा तोल जातो. पूर्वी ती नुसती फूल बघायला वाकली तरी गेर्नोट खेकसायचा, "पोत्यासारखी बस, पोत्यासारखी!" यंदा ती दिवसभर खिडकीतल्या मांजरासारखी वाकून बसत होती, सायकल डुगडुगत होती, आणि त्याच्या तोंडून ब्र निघाला नव्हता. तो हँडल घट्ट धरून तिचा तोल सांभाळत होता. म्हणजे त्याला कळलं होतं. म्हणजे दोघांनाही कळलं होतं, आणि दोघंही त्या कळण्याच्या दोन बाजूंनी पाय मारत व्हिएन्नाच्या दिशेने चालली होती. हे लक्षात आल्यावर तिला रडू आलं, पण समोर पूल होता, पुलाला कठडा होता, म्हणून रडणं तिने पुढे ढकललं. "कठड्यावर जिरेनियमच्या कुंड्या किती सुरेख!" ती ओरडली.

मेल्कच्या पुढे डोंगर जवळ आले, जर्दाळूच्या बागा सुरू झाल्या. दुपार कलली होती, ऊन बाजूने नदीवर पडून डोळ्यांत येत होतं. आर्न्सडॉर्फच्या अलीकडे गावात मोटारी शिरू नयेत म्हणून सायकलरस्त्याच्या मधोमध लोखंडी खांब रोवलेला आहे. तो कित्येक वर्षं तिथेच आहे. गेर्नोट दर वर्षी दुरूनच "खांब" म्हणायचा. रोझविथा त्या क्षणी जर्दाळू बघत होती. एवढंच. क्षणभर बागेकडे वळली, पिकलेल्या फळांचा वास आला, झाडाखाली पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या घोंघावत होत्या, आणि तिला वाटलं की गेर्नोट आता खांब म्हणेल. तिच्या अंगात मुरलेल्या त्या जुन्या विश्वासाने तिचा घात केला. तो काही बोलला नाही. ती वळली, खांब अगदी समोर होता, आणि तिच्या तोंडून कौतुक आलं नाही, रंग आला नाही, नुसती किंकाळी आली. "खांब! गेर्नोट, खांब!" त्याने हँडल फिरवलं, डावी पिशवी खांबाला घासली, कापड टर्रकन फाटलं, सायकल गवतात शिरून आडवी झाली. कुणाला काही लागलं नाही. कोपर खरचटलं, बस. पण दोघं बराच वेळ गवतात तशीच बसून राहिली. गेर्नोटचे मोजे पिशवीतून बाहेर लोंबत होते. "ऊन," तो अखेर म्हणाला. "डोळ्यांवर आलं."

"हो," रोझविथा म्हणाली. "फार ऊन आहे." तो तिच्याकडे बघत होता. म्हणजे तिच्या कानाशेजारच्या कुठल्यातरी जागेकडे बघत होता, मान तिरपी करून, आणि त्याच्या डोळ्यांत ती बहुधा नव्हतीच. तिच्या मनात आलं, याला आता जग तसंच दिसत असणार जसं मला एवढी वर्षं दिसलं. मधोमध एक आडोसा आणि दोन्ही बाजूंना नदी.

उरलेलं अंतर त्यांनी सायकल ढकलत काढलं. आर्न्सडॉर्फला झेहेटनरबाईंकडे त्यांचा ठरलेला मुक्काम असे. झेहेटनरबाई म्हणजे विधवा, द्राक्षांचा मळा, चार खोल्या आणि गावभर ऐकू जाणारा आवाज. दारातूनच त्यांनी हाक दिली, "काय गं रोझी, अजून मागच्याच बाकावर का? या वयात तरी वरच्या वर्गात जायचं!" हा विनोद त्या दर वर्षी करत. फाटकी पिशवी बघून मात्र त्यांनी फक्त सुईदोरा आणून ठेवला. त्यांच्याकडची दुसरी रीत म्हणजे पुढच्याचा पेला. टँडेमवरून कुणीही आलं तरी जेवणाआधी जर्दाळूच्या दारूचा एकच छोटा पेला टेबलावर यायचा, आणि तो पुढे बसणाऱ्याचा. "रस्ता बघायची जबाबदारी त्याची, मागचा काय, हवा खात येतो," असं त्यांचे कैलासवासी यजमान म्हणायचे. अंगणात अक्रोडाखाली टेबल मांडलं होतं, पलीकडे नदीच्या वर श्पिट्झ गावाचे मळे अजून उन्हात होते. झेहेटनरबाईंनी पेला गेर्नोटपुढे ठेवला. त्याचा हात टेबलावरून हळू सरकत गेला, बोटांनी पेल्याचा तळ शोधला, आणि मग एक थेंबही न सांडता त्याने तो रोझविथाच्या ताटाकडे लोटला.

"काय हो, पोट बिघडलंय की काय?" झेहेटनरबाई म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीय. हिचा घसा बसलाय," गेर्नोट म्हणाला. "पासाऊपासून ओरडत आलीय बिचारी."

झेहेटनरबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "मग पी गं," त्या म्हणाल्या, नेहमीपेक्षा बऱ्याच हळू, आणि सूप आणायला आत गेल्या. रोझविथाने पेला उचलला. घसा जळला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दारूचं आहे असं म्हणायला जागा होती म्हणून तिने ते येऊ दिलं. काही बोलावंसं वाटलं. माझ्या मनात वाईट होतं रे, असं सांगावंसं वाटलं, तुझी सीट मला हवी होती, पण अशी नको होती. गेर्नोट पावाचे तुकडे करत होता, नेहमीसारखे चौकोनी, मोजणी खात्याचे. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि जेवण येईपर्यंत ती शिवत बसली.

सकाळी ती खाली आली तेव्हा गेर्नोट अंगणात सायकलपाशी उकिडवा बसला होता, किल्ली हातात. पुढची सीट त्याने खाली उतरवली होती. मागची वर चढवली होती. बोटांनी चाचपून तो शेवटचा आटा आवळत होता, आणि वर न बघताच म्हणाला, "बघ गं, पाय टेकतात का." बस, एवढंच. एवढ्या वर्षांचं एवढंच वाक्य झालं. ती पुढे बसली. पाय टेकले. हँडल तिच्या मनगटांना अनोळखी वाटलं, रुंद, दुसऱ्याच्या अंगरख्याच्या बाह्यांसारखं. पाठीमागे त्याचं वजन बसल्यावर सगळी सायकल खाली दबली आणि तिची पाचावर धारण बसली. "मी पाडीन तुला."

"पाड की," तो म्हणाला. "मीही पाडलंच ना काल. हं, चल."

झेहेटनरबाई दारातून ओरडल्या, "वरच्या वर्गात गेली बरं का!" आणि ती दोघं रस्त्यावर आली. पहिला काही वेळ रोझविथाला काहीही दिसलं नाही. नदी नाही, मळे नाहीत. ती नुसत्या पुढच्या चाकाकडे बघत होती आणि घाबरत होती. मग रस्ता बागांमध्ये शिरला, सपाट झाला, आणि तिने मान वर केली. समोर काहीच नव्हतं. निळा शर्ट नव्हता. नदी एका बाजूला नव्हती, ती समोरून येत होती असं वाटलं, डोंगर दोन्हीकडून येऊन लांब कुठेतरी मिटत होते, आणि मध्ये तो रस्ता, पांढरा. वारा थेट छातीवर येत होता. तिला वारा असा कधी लागलाच नव्हता, तो नेहमी गेर्नोटला लागून मग तिच्याकडे यायचा. किती सुंदर होतं ते! आणि तिला कसंतरी झालं, कारण हे सगळं तिला मिळालं होतं आणि मागे तो बसला होता, तिच्या पाठीकडे तोंड करून. तिला काही सांगता येईना. दिवसचे दिवस बडबडलेली तिची जीभ आता टाळूला चिकटून बसली. पाय दोघांचे गोल फिरत होते. त्याच्या पायांत जोर होता, तिला तो कळत होता.

वळणावर जर्दाळूच्या झाडाखाली निळा एप्रन आणि गवती टोपी घातलेला कुणी मळेवाला उभा होता, हात पसरून, वाट विचारणाऱ्याला दाखवावी तसा. पहिला नमस्कार पुढच्याचा. रोझविथाने सगळा धीर गोळा केला आणि जरुरीपेक्षा मोठ्याने म्हणाली, "ग्र्युस गॉट!" मागून लगेच, खणखणीत, गेर्नोटचा "ग्र्युस गॉट!" आला. मळेवाला काही बोलला नाही. अगदी शेजारून जाताना तिला त्याच्या बाहीतून बाहेर आलेला झाडूचा दांडा दिसला.

"कोण होता?" गेर्नोटने विचारलं. "गप्पच राहिला मेला."

तिच्याकडे उत्तरं तयार होती. इतके दिवस तिने दुसरं काय केलं होतं? बहिरा म्हातारा होता, झाडावर चढत होता, काहीही चाललं असतं.

"बुजगावणं होतं," ती म्हणाली.

पेडल थांबलं. त्याचे पाय थांबले म्हणून तिचेही थांबले, आणि सायकल आपल्या वेगाने नुसती घरंगळत राहिली, मागचं चाक बारीक टिकटिक करत. तिला वाटलं, संपलं. मग सायकल हलायला लागली. आधी थोडी, मग चांगलीच, सीटपासून हँडलपर्यंत, आणि मागून एक फिस्स आवाज आला, आणि मग गेर्नोट हसत सुटला, पोट धरून, तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं तसं. तीही हसली. हसता हसता रडली आणि रस्ता पुसट झाला. "अगं, हँडल धर सरळ!" तो ओरडला. "हसायचं काम मागच्याचं!"

हसणं ओसरलं. पाय पुन्हा फिरू लागले. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "हेरेनगासेवरची ती बाई."

"हं."

"मी चेष्टा केली नव्हती."

"ठाऊक आहे रे."

नदीवरून एक मालवाहू बोट वर चालली होती, तिच्या इंजिनाचा आवाज डोंगराला लागून परत येत होता. "कोट तरी बरा होता का तिचा?" त्याने विचारलं.

"बाह्या आखूड होत्या."

"मग ठीक आहे," गेर्नोट म्हणाला. मग त्याने तिच्या पाठीवर तळहात ठेवला, दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे घामाचा डाग पडायला सुरुवात झाली होती. "समोर काय आहे?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने नीट पाहिलं. "रस्ता आहे."

"सरळ?"

"नाही, वळतो. पुढे, चर्चच्या अलीकडे."

"मग तसं सांग ना. मागच्याला कसं कळणार?"

"डावीकडे वळतोय," रोझविथा म्हणाली, आणि दोघं एकदमच डावीकडे झुकली.